उजेड आणि काच

डोंगरावरील प्रवचनाचा पाठ वर्गात चालू असता एखादा चौकस विद्यार्थी बहुधा एक शंका काढतो, आणि ती काढण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभु येशू आपल्या शिष्यांस दिव्याची उपमा देतो. दिवा झाकून ठेवण्यासाठी कोणी लावीत नाही. तुमची सत्कृत्येही लोकांच्या दृष्टीस पडली पाहिजेत, असा तेथील आशय आहे. पान उलटावे तो सहाव्या अध्यायाच्या आरंभीच तोच गुरू तितक्याच निश्चयाने बजावतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये. दानाचा गाजावाजा नको, आणि प्रार्थना करावयाची ती बंद दाराआड. "मग गुरुजी, दाखवायचे की लपवायचे?" असा तो प्रश्न असतो. वर्ग हसतो, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या वागणुकीत इतरांस ख्रिस्ती श्रद्धा दिसावी असे ज्यास वाटते, त्यास आज ना उद्या या प्रश्नाशी गाठ घालावीच लागते.

पंडित लोक याचे उत्तर हेतूकडे बोट दाखवून देतात. पहिल्या ठिकाणी लोकांनी सत्कृत्य पाहून स्तुती करावयाची ती कर्त्याची नव्हे, तर स्वर्गीय पित्याची. दुसऱ्या ठिकाणी दोष आहे तो पाहिले जाण्यात नव्हे, तर पाहिले जाण्याच्या हौसेत. हे उत्तर बरोबर आहे, तथापि पुरेसे नाही. कारण मनुष्याचा हेतू ही मोठी लबाड वस्तू आहे. आपण पित्याच्या गौरवासाठी पुढे आलो की टाळ्यांसाठी, हे कित्येकदा आपले आपल्यालाच उमगत नाही.

आमच्या मते या गोष्टीचा उलगडा एका घरगुती वस्तूवरून अधिक चांगला होतो. घरोघर वीज येण्यापूर्वी तिन्हीसांजेस कंदिलाची काच पुसून ठेवणे हे बहुतेक घरांत मुलांचे काम असे. काच स्वतः उजेड देत नाही, उजेड ज्योतीचा असतो. काचेने करावयाचे ते इतकेच की, आपण मध्ये येऊ नये. अंगणात बसून त्या उजेडात वाचणाऱ्यास काच आहे याची आठवणही होत नाही. ती काजळली म्हणजे मात्र प्रथम तीच डोळ्यांत भरते. आणखी एक गोष्ट आपल्या आजी-आजोबांस विचारावी. वात गरजेपेक्षा वर चढविली की ज्योत घटकाभर मोठी दिसते खरी, परंतु ती लागलीच धुरावते आणि काच काळी होते. सहाव्या अध्यायातील तो कडक इशारा या वर चढविलेल्या वातीविषयी आहे, असे समजावे.

'ख्रिस्ती' हे नावच कसे पडले ते पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, शिष्यांना हे नाव प्रथम अंत्युखिया शहरात मिळाले. त्यांनी ते आपण होऊन धारण केल्याचे तेथे म्हटलेले नाही. अभ्यासकांचा सामान्य समज असा आहे की, ते त्या शहरातील बाहेरच्या लोकांनी, कदाचित थट्टेनेही, त्यांस लावले असावे. पुढे चवथ्या शतकात युलियन नावाचा रोमचा बादशहा होऊन गेला. जुन्या देवांची उपासना पुन्हा चालू करावी हा त्याचा ध्यास होता. इ. स. ३६१ ते ३६३ अशी दोनच वर्षे तो गादीवर होता. त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्यास लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की, हे गालिली लोक स्वतःच्या गरिबांस तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांस पोसतात, आणि आम्ही मात्र काही करीत नाही! शत्रूच्या तोंडून निघालेली ही साक्ष मोठी बोलकी आहे. त्याने ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ वाचले होते. परंतु त्याच्या मनात सलत राहिली ती त्यांची भाकरी.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण सविस्तर घेऊ. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळा. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने वडिलांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडून संस्कृत विद्या मिळविली, दुष्काळाच्या हलाखीत आई-बाप गमावले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या संपादन केल्या. वैधव्य आल्यावर १८८३ साली त्या आपल्या लहान मुलीस घेऊन शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. या संघाच्या भगिनींची व त्यांची ओळख पुण्यास झालेली होती. बाई कोणाच्या बोलण्यास सहज भुलणाऱ्या नव्हत्या. शास्त्रार्थात त्यांनी भल्याभल्यांस निरुत्तर केले होते. बाप्तिस्मा घेतल्यावरही संघाची सर्व मते त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाहीत, हे त्या भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसते. धर्ममतांचे नुसते मंडन करून अशा स्त्रीचे मन वळविणे कठीण होते.

तिकडे असता त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे संघाच्या एका शाखेत नेण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांस सन्मार्गास लावण्याचे काम तेथे चाले. रमाबाईंनी तेथे जे पाहिले ते पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. त्या गृहात पूर्वी आश्रयास आलेल्या काही स्त्रिया आता पार पालटल्या होत्या. दुबळ्यांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात त्यांनी आपले आयुष्य वाहिले होते. अशा स्त्रियांसाठी काही करता येते आणि केले पाहिजे, ही गोष्ट आपणास आयुष्यात प्रथमच तेथे कळली, असे बाई म्हणतात. मग त्यांनी आपल्याला शिकविणाऱ्या भगिनीस विचारले की, या लोकांना अशा बायांची एवढी कळकळ का वाटते? भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

येथे क्रम कसा आहे तो ध्यानात घ्यावा. प्रथम दृष्टीस पडले काम. कामाने प्रश्न उत्पन्न केला. आणि प्रश्न विचारला गेल्यावर मग वचन आले. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. विचारण्यापूर्वीच उत्तर देतो, आणि ऐकणारा जांभया देऊ लागला की त्याच्या अंतःकरणाच्या काठिण्याविषयी खेद करतो! दुसरे असे की, फुलहॅमच्या त्या शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांनी रमाबाईंवर छाप पाडावी म्हणून काही केले नव्हते. त्यांच्या पुढ्यात रोगी होते, आणि त्यांचे सारे लक्ष रोग्यांकडे होते.

बाईंच्या चरित्रातील यापुढचा प्रसंग आम्हास अधिक विचार करावयास लावतो. कारण तेथे दिवा आणि बंद दार हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आणले. उच्चवर्णीय बालविधवांस शिक्षण देऊन स्वावलंबी करावे हा त्याचा उद्देश होता. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. बाई सकाळी आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. हळूहळू सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांस बोलाविले नाही, तसे हाकलूनही दिले नाही. बातमी गावात पसरली, वर्तमानपत्रांत, विशेषतः 'केसरी'त, कडक टीका झाली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात एकच पक्ष डोळे मिटून घेणे हे न्यायाचे होणार नाही. ज्या आईबापांनी एका आश्वासनावर विसंबून आपली पोर परक्या हाती दिली, त्यांस धक्का बसला यात नवल काय? आश्रयास आलेल्या, दुसरीकडे जाण्यास ठिकाण नसलेल्या मुलीचे मन आश्रय देणाराकडे ओढ घेणारच. तिची ती ओढ कितपत स्वतंत्र, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार होता. उलटपक्षी बाईंचेही म्हणणे असे की, माझ्या खोलीत मी माझ्या देवाची प्रार्थना करणार. इतर मुली आपल्या पूजाअर्चा करण्यास मोकळ्या आहेत तशी मीही मोकळी आहे. चोरी केल्यासारखे दार का लावून घ्यावे? आमच्या मते येथे खरी कसोटी दाराची नव्हती. दार उघडे ठेवणे हे काही वात वर चढविणे नव्हे. परंतु ज्याच्या हातात दुसऱ्याचे अन्नवस्त्र आहे त्याचा उजेड जितका सौम्य असेल तितका बरा, एवढे मात्र त्या प्रसंगावरून म्हणावेसे वाटते. संस्था, शाळा, वसतिगृहे चालविणाऱ्या सर्वांनीच, मग ती कोणत्याही धर्माची असोत, हे विसरू नये.

त्या दिव्याचा उजेड कोठकोठे गेला याचा हिशेब नुसत्या बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीत सापडावयाचा नाही. शारदा सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ साली तिचा विवाह फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. प्रोफेसर कर्व्यांनी १८९६ साली पुण्यास विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले, ते पुढे हिंगण्यास गेले आणि त्यातून केवढा वृक्ष वाढला ते सर्वश्रुत आहे. कर्वे ख्रिस्ती नव्हते. त्यांची संस्था हिंदु समाजाचा विश्वास सांभाळून चाललेली होती. तरी रमाबाईंच्या सदनात शिकलेली एक स्त्री त्या घरात होती, हे सत्य उरतेच. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे हिंदु, मुसलमान वा जैन आहेत. आपल्या धर्मात राहूनच त्यांनी या शाळेतून काही चांगले नेले, तर दिवा वाया गेला असे आम्ही तरी म्हणणार नाही.

रमाबाईंनी स्वतः पुढे केडगावास मुक्ती सदन वसविले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुली घेऊन आल्या. १९०० सालच्या दुष्काळानंतर तर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यात आंधळ्यांचे शिक्षण होते, छापखाना होता, शेती होती, विणकाम होते. आणि ज्यांस कोणी दारात उभे करीत नसे अशा स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलहॅमला पाहिलेले काम केडगावच्या माळावर असे उगवले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. संस्थेचे काम आजही चालू आहे.

रमाबाईंची गोष्ट मोठी आहे, आणि मोठ्या गोष्टींचा एक तोटा असतो: ऐकणारा म्हणतो, हे आपल्या हातून कसचे होणार! म्हणून एक अगदी लहान गोष्ट सांगतो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे तरुण कवी नोकरीच्या शोधात नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळी राज्यकर्त्यांपैकी कोणी मनुष्य डब्यात असला म्हणजे एतद्देशीयाने अंग चोरून बसावयाचे, अशी पुष्कळ ठिकाणी रीत पडून गेली होती. या गृहस्थांनी टिळकांशी सौजन्याने वागून संभाषण चालू केले. काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेविली आणि तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत विलक्षण वाटले. पण माणूस आवडला होता, म्हणून पुस्तक उघडले गेले. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आज जी भजने गाइली जातात, त्यांतील कितीतरी या प्रवासानंतरच्या आयुष्यातील आहेत.

  समजा, त्या गृहस्थांनी त्या दिवशी कपाळास आठी घालून पाय पसरले असते आणि उतरताना हेच पुस्तक पुढे केले असते, तर टिळकांनी ते उघडले असते काय? वाचकांनीच ठरवावे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे जे चित्र आहे, त्यात उजव्या हाताची माणसे चकित होऊन विचारतात की, आम्ही तुला भुकेलेले व तहानेलेले केव्हा बरे पाहिले? त्यांना आपले पुण्य आठवतच नाही. डाव्या हाताच्या लोकांनाही आपली चूक आठवत नाही, ही त्यातील धास्तीची बाजू.

कोणी म्हणेल, ज्याचे वर्तन निष्कलंक आहे त्यानेच या भानगडीत पडावे. तसे असते तर टिळकांचाही निभाव लागला नसता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी वाङ्मयात अमर स्थान मिळविले. त्यांत त्यांनी पतीचा तापट स्वभाव, अव्यवहारीपणा, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन घरात चूल थंड ठेवण्याची सवय, यांपैकी काहीही झाकलेले नाही. हसत हसत सगळे सांगितले आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले होते; कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली, आपल्या विचाराने, त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांचे सर्व दोष ज्या व्यक्तीस जवळून ठाऊक होते, तिलाच त्यांच्यातील उजेडही सर्वांत स्पष्ट दिसला, असे म्हणावयास हरकत नाही. काचेस तडा असला तरी उजेड जातो. काजळी मात्र पुसावी लागते, आणि ती रोज पुसावी लागते.

आपल्या मंडळ्यांत साठलेल्या काजळीविषयीही एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. उपासनामंदिरात शेजारी बसावयाचे आणि सोयरीक जुळविताना जात विचारावयाची, हे दुखणे अद्यापि सर्वत्र बरे झालेले नाही. बाहेरच्या मनुष्यास आपली सुंदर गीते ऐकू येतात, तसे हेही दिसते.

शाळेपुरते बोलावयाचे तर प्रसंग शोधत जावे लागत नाही. उत्तरपत्रिकेत मास्तरांच्या बेरजेने चार गुण अधिक पडले आणि मुलाने ते सांगितले. पंच दुसऱ्या बाजूस होता, झेल जमिनीस लागलेला होता, आणि झेलणाऱ्यानेच तसे कबूल केले. वसतिगृहात नवा आलेला, बोलण्यात गावठी हेल असलेला मुलगा एकटा जेवत होता आणि कोणी आपले ताट उचलून त्याच्याजवळ नेले. वर्ग झाडणाऱ्या बाईस तिच्या नावाने व 'अहो' म्हणून हाक मारली. यांत उपदेशाचा एक शब्द नाही. पालकांनीही आपल्या घरची काच पाहावी. दारात कोणी पैसे मागावयास आला असता "मी घरी नाही म्हणून सांग" असे वडिलांनी मुलास कुजबुजून सांगितले, आणि त्याच रात्री कुटुंबप्रार्थना झाली, तर त्या मुलाच्या ध्यानात दोहोंपैकी काय राहील?

एक गोष्ट राहिली. नुसते चांगले वागले म्हणजे झाले, मग शास्त्रपाठाच्या तासाची आवश्यकता काय, असे काही विद्यार्थी या सर्व विवेचनावरून म्हणू लागतील. ते मोठ्या आनंदाने म्हणतील याविषयी आम्हास संशय नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात असा उपदेश आहे की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारील त्यास सौम्यतेने उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असावे. प्रश्न येईल तो आधी कळवून येणार नाही. इंग्लंडात पंचवीस वर्षांच्या एका परदेशी विधवेने, जिला संस्कृत शास्त्रे मुखोद्गत होती, एका भगिनीस सहज विचारावे तसे विचारले; त्या भगिनीने व्याख्यान दिले नाही, की वादही घातला नाही. तिने पुस्तक उघडले आणि योहानाचा चवथा अध्याय काढला. तो कोठे आहे हे तिला ठाऊक होते.